ब्लॉकला हात लावायचा नाही

सोमवार, ४

आजपासून तक्रारी लिहून ठेवायच्या असं ठरवलं आहे. आठ-नऊ वर्षं मी वॉशिंग मशीनच्या कंपनीत फोनवर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकल्या. "तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे" हे वाक्य मी झोपेतही म्हणते, असं नवरा सांगतो. मग ते ऑफिस बंद पडलं. मी घरी बसून रोज पडदे धुवायला लागले, तेव्हा सासूबाईंनी फर्मान काढलं की घरी पडदे विरवण्यापेक्षा माझ्या वर्कशॉपवर ये. त्यामुळे हल्ली मी इंजिनं दुरुस्त करते. म्हणजे जमीन झाडते, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुते आणि चहा करते.

आजची तक्रार. सासूबाई लेथ मशीनपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. लेथ बंद होता. मी म्हणाले, "आई, चहा." उत्तर नाही. पुन्हा म्हणाले. उत्तर नाही. तिसऱ्यांदा एवढ्या जोरात म्हणाले की शेजारचा टायरवाला "आलो, आलो" म्हणत उठला. सासूबाईंनी मात्र मान वळवण्याचीही तसदी घेतली नाही. मग सासरे त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अगं, चहा म्हणतेय ती." त्याबरोबर उत्तर आलं, "मग आण की! विचारत काय बसलीस?"

आमच्या कंपनीत हेडऑफिसला कितीही वेळा कळवलं तरी तिकडून हूं की चूं यायचं नाही. मी आजपासून मनातल्या मनात सासूबाईंना हेडऑफिस म्हणणार आहे.

सासऱ्यांचीही एक तक्रार आहे, पण ती गोड माणसाची असल्यामुळे हळू आवाजात लिहिते. बँकेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षं ते सुखाने घरी कोडी सोडवत होते. वर्षभरापूर्वी एकाएकी वर्कशॉपवर येऊन बसायला लागले. त्यांना इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. गिऱ्हाईक काय बोलेल ते पुन्हा एकदा मोठ्याने बोलून दाखवायचं, एवढंच काम ते करतात. गिऱ्हाईक म्हणतं, "तेल गळतंय." सासरे सासूबाईंकडे तोंड करून म्हणतात, "म्हणजे तेल गळतंय म्हणता तुम्ही!" निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवा हे मान्य. पण हा काय उद्योग झाला?

बुधवार, ६

आज जे झालं ते सविस्तर लिहिते, कारण उद्या कुणी विचारलं तर माझ्याकडे नोंद हवी.

पाण्याच्या टँकरवाल्याचं इंजिन गेलंय. त्याने भंगारवाल्याकडून तसलंच जुनं इंजिन शोधलं आणि त्याचा ब्लॉक आज टेम्पोत घालून आणला. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. चार सिलिंडरची भोकं असलेला, दोन माणसांना न उचलवणारा ओतीव लोखंडाचा ठोकळा. बाकी सगळं नवं घालता येतं, पण ब्लॉकला तडा असेल तर वरचा सगळा खर्च आणि मेहनत पाण्यात. अक्षरशः पाण्यातच, कारण त्या तड्यातून थंड करायचं पाणी तेलात उतरतं आणि इंजिनाचे बारा वाजतात. आणि तडा केसाएवढा असला की डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून लोक आमच्याकडे येतात. सासूबाई ब्लॉक ऐकतात. आसपासच्या सगळ्या गॅरेजांत "मावशींनी ऐकलाय" म्हटलं की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. पद्धत अशी. ब्लॉक पूर्ण मोकळा करायचा, एक बोल्टसुद्धा ठेवायचा नाही. चेनपुलीने जमिनीपासून वर उचलून अधांतरी लटकवायचा. मग छोट्या हातोडीने जागोजागी टिचकी मारल्यासारखं ठोकायचं. सलग ब्लॉक टणकारतो आणि तो नाद लांबत जातो. तडा असला तर आवाज बसका, जागच्या जागी मेलेला. मी कामावर आले त्या पहिल्या दिवशी सासूबाईंनी एकच धडा दिला होता, तोही दरडावून, "ब्लॉकला हात लावायचा नाही. हात लागला की आवाज मरतो."

तर आज ब्लॉक लटकवला. एरवी या वेळी मला चहाला पिटाळतात, आज मी तिथेच होते. टँकरवाला हात जोडल्यासारखा उभा. टायरवाला काम सोडून बघायला आलेला. सासूबाईंनी हातोडी घेतली, आणि डावा तळहात सरळ ब्लॉकवर टेकवला! पाच बोटं पसरून, नीट. आणि ठोकायला लागल्या. म्हणजे नियम फक्त सुनांना.

हात टेकलेला असल्यामुळे आवाज तसाही मेलेलाच होता. पण दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरच्या मधल्या भिंतीवर हातोडी पडली तेव्हा मला तो जास्तच मेलेला वाटला. ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा, थप्प. मी म्हणाले, "आई, तिथे पुन्हा ठोका ना." त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी पुन्हा म्हणाले. सासऱ्यांनी तोंड उघडलं, टँकरवाल्याकडे बघितलं आणि मिटलं. एरवी जगाची वाक्यं दोनदा म्हणणारा माणूस सुनेचं वाक्य एकदाही म्हणत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "चांगला आहे. सोमवारी बोअरिंगला घेऊ."

टँकरवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. बोअरिंग म्हणजे सिलिंडरची भोकं आतून खरवडून मोठी करणं. एकदा ती केली की भंगारवाला ब्लॉक परत घेणार नाही.

मी कपबशा गोळा केल्या. मला कळतं काय त्यातलं! मी फक्त चहावाली आहे.

गुरुवार, ७

रात्रभर डोक्यात थप्प.

सकाळी नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत खेळाचा मास्तर आहे, गळ्यात कायम शिट्टी, त्यामुळे घरात आणि वर्कशॉपवर त्याचं नाव शिट्टी. आई आणि बायकोच्या मध्ये तो नेहमी पंच असल्याचा आव आणतो आणि निकाल कधीच देत नाही. म्हणाला, "आई मी जन्मायच्या आधीपासून ब्लॉक ऐकतेय, आणि तू दोन महिन्यांपासून."

मी म्हटलं, "कान माझेही आहेत. फोनवर माणूस 'हॅलो' म्हणाला की मी ओळखायचे, हा रडणार की शिव्या देणार."

त्यावर त्याने शिट्टी वाजवली. सामना संपला म्हणे. स्वयंपाकघरात, सासूबाईंच्या अगदी पाठीमागे. पूर्वी घरात शिट्टी वाजली की त्या लाटणं घेऊन धावायच्या. आज ढिम्म. लाडक्या लेकाला हल्ली सात खून माफ आहेत आणि माझं एक वाक्य सहन होत नाही.

शुक्रवार, ८

वर्कशॉपचा फोन वाजत होता. सासूबाई त्याच्या शेजारी बसून पिस्टनच्या रिंगा मोजत होत्या. उचलला नाही. मी धावत आतून येईपर्यंत बंद पडला. मी म्हटलं, "फोन का नाही घेतला?" तर म्हणाल्या, "रिकामटेकड्यांचे धंदे."

मी त्याच रिकामटेकड्या धंद्यावर आठ-नऊ वर्षं पोट भरलं. मुद्दाम टोमणा होता. नोंदवून घेतला आहे.

शनिवार, ९

सासूबाई आणि सासरे सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. महिन्यात दुसऱ्यांदा. मागच्या वेळीही चष्मा न घेताच आले होते. एवढे कसले डोळे तपासतात देव जाणे, त्यांना तर समोरच्या रस्त्यावरच्या गाडीचा सैल नट दिसतो.

वर्कशॉपवर मी एकटीच. ब्लॉक कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर बसलेला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे.

खडूची एक पद्धत आहे. सासूबाईंना तिचा तिटकारा आहे. "खडू फासायला ही काय शाळा आहे? ज्यांना कान नाहीत त्यांनी खडू वापरावा," असं त्या म्हणतात. पण पद्धत सोपी आहे. जागा तारेच्या ब्रशने लख्ख घासायची. रॉकेल लावायचं, मुरू द्यायचं. मग कोरड्या फडक्याने टिपून काढायचं, एक थेंबही वर ठेवायचा नाही, आणि वरून खडूची भुकटी चोपडायची. तडा असेल तर त्यात शिरलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यात काळी ओली रेघ उमटते.

घासून घासून हाताची सालटी निघाली. रॉकेल लावलं, टिपलं, खडू लावला आणि समोर डबा उपडा घालून बसले. काही नाही. पांढरी स्वच्छ भिंत. मला एकदम हलकं वाटलं, हे इथे कबूल करते. सासूबाई बरोबर असाव्यात असंच मला मनातून वाटत होतं. त्यांच्यावर चिडायला मला आवडतं, पण त्या चुकलेल्या मला नको होत्या.

मग रेघ आली. आधी टाचणीएवढी, मग खाली सरकत बोटभर. वाकडीतिकडी, दोन आणि तीनच्या बरोब्बर मध्ये. 

दोघं परत आले तेव्हा मी तिथेच बसले होते. नुसतं बोट दाखवलं. सासूबाई वाकल्या. बराच वेळ बघितलं. मग तळव्याने सगळी भुकटी पुसून टाकली आणि म्हणाल्या, "पुन्हा कर."

मला वाटलं, पुरावा नष्ट केला. पण त्या डब्यावर बसून राहिल्या, मी पुन्हा घासलं, पुन्हा रॉकेल, पुन्हा टिपलं, पुन्हा खडू. त्यांनी मध्ये एकदाही काही सुचवलं नाही. रेघ पुन्हा त्याच वाटेने आली.

"बोलवा त्याला," त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

टँकरवाला आला. सासूबाई उभ्या राहून म्हणाल्या, "ब्लॉक फुटका आहे. माझं चुकलं. भंगारवाल्याकडून बदलून आण." त्या माणसाने आधी ब्लॉककडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. म्हणाला, "पण मावशी, तुम्ही ऐकला होता ना?" त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

टायरवाला दारात होताच. आता संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजाराला कळलं असेल.

रविवार, १०

मी जिंकले. सकाळी तासभर छान वाटलं.

सासूबाई दिवसभर खोलीतून बाहेर आल्या नाहीत. दाराबाहेरून जेवायला हाक मारली, उत्तर नाही. सासरे आत ताट घेऊन गेले आणि तसंच परत घेऊन आले. घरात एवढी शांतता की शिट्टीनेही शिट्टी काढून खुंटीला लावली. माझं जिंकणं मला नकोसं झालं आहे.

सोमवार, ११

आज तक्रार नाही. तरी लिहिते.

दुपारी हवेच्या टाकीचा व्हॉल्व्ह उडाला. तोफ सुटल्यासारखा आवाज झाला. मी किंचाळले, टायरवाल्याच्या हातातली चहाची कपबशी फुटली, रस्त्यावरची दोन कुत्री पळाली. सासूबाई टाकीकडे पाठ करून कानस घासत होत्या. त्या घासत राहिल्या. हातसुद्धा चुकला नाही.

मी तशीच उभी राहिले. मग हळूच त्यांच्या मागे गेले, दोन हातांवर. म्हणाले, "आई." मग म्हणाले, "हेडऑफिस." काही नाही. कानस चालू. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी सुटलेच. म्हणाले, "तुम्ही खडूस आहात. तुम्ही केलेली आमटी म्हणजे गरम पाणी असतं. तुमच्या लेकाला तुम्ही बिघडवलाय. मला दोन महिन्यांत एकदा तरी बरं म्हणायला काय झालं होतं तुम्हाला?" शेवटी मला रडू यायला लागलं, कारण त्या शांतपणे कानस फुंकून तिच्या दात्यांकडे बघत होत्या आणि मला कळून चुकलं होतं की चहाची हाक, फोन, शिट्टी, ब्लॉकवरचा तो हात, यातलं काहीच माझ्यासाठी नव्हतं. इतके दिवस फोनवरून माणसं ओळखण्याच्या गमजा मारत होते, आणि पाच फुटांवरचं माणूस कळलं नाही.

वळले तर दारात सासरे. कधीपासून उभे होते कोण जाणे.

"सगळं ऐकलं मी," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आमटीचं बरोबर आहे तुझं."

बाकड्यावर बसून त्यांनी सांगितलं. वर्षापेक्षा जास्त झालं. आधी एक कान, मग दुसरा. समोर तोंड असलं की ओठांवरून बरंचसं कळतं, म्हणून ते पुढ्यात उभे राहून वाक्यं पुन्हा म्हणतात. बुधवारी ते माझं वाक्य गिळून बसले, कारण ते म्हणून दाखवलं असतं तर टँकरवाल्यासमोर तिला उलट-सुलट प्रश्न झाले असते. डॉक्टर कानाचे होते, डोळ्यांचे नव्हते. दोनदा यंत्र लावून बघितलं. त्याने बोलणं थोडं कळतं, पण ठोकल्याचा नाद येत नाही, पत्र्यावर खडे ओतल्यासारखा कल्ला येतो. "ती म्हणाली, ब्लॉक ऐकू येणार नसेल तर बाकीच्यांचं ऐकून मला काय करायचंय?" हाताला थरथर कळते म्हणून हात ठेवायला लागली. बरेच ब्लॉक बरोबर ओळखले तसे. हा चुकला.

"कुणाला सांगू नकोस," ते म्हणाले. "तिचा शब्द गेला तर तिच्याकडे काय राहील?"

मी नाही म्हणाले, म्हणजे सांगणार नाही असं. मी त्यांच्यावर रागावलेही. एवढं घरातल्या घरात लपवायचं? मग आठवलं, तक्रारींची ही वही भरणाऱ्या मला तरी कोण विश्वासाने काय सांगेल.

मंगळवार, १२

सकाळी सासूबाईंनी मला समोर बसवलं. "कळलं म्हणे तुला."

"हो."

"मागे उभी राहून काय काय बोललीस काल?"

"काही नाही, आई."

"हे म्हणाले, हेडऑफिस."

सासरे छताकडे बघायला लागले. या माणसाला एक वाक्य पोटात ठेवता येत नाही!

"हेडऑफिस म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"जिथे कितीही ओरडलं तरी उत्तर येत नाही ते."

त्या हसल्या. तोंडाला हात न लावता, दात दाखवून. मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं. मग म्हणाल्या, "आमटीला मी पाणी कमीच घालते. हेच वाढून घेताना ओततात."

त्यानंतर आमची तिघांची बैठक झाली. टँकरवाला उद्या बदललेला ब्लॉक आणणार आहे. तोही चुकला तर मावशींचा कारभार आटोपला, असं बाजारात उघड बोलतायत, टायरवाला हळहळत येऊन सांगून गेला. सासऱ्यांनी बँकेत आयुष्य काढल्यामुळे त्यांना गुप्त खुणांची भारी हौस. ठरलं असं की सासूबाई ठोकतील, मी त्यांच्या समोर उभी राहून ऐकीन. ब्लॉक चांगला तर मी बाही सावरायची. तडा असेल तर नाकाला हात लावायचा.

"आणि शंका असेल तर खोक," सासरे म्हणाले.

"बाबा, त्यांना खोकला ऐकू येणार नाही."

"हां. बरोबर."

मला हे पटलं होतं का? नव्हतं. लबाडीच आहे ही. पण सासूबाईंनी रविवारपासून पहिल्यांदा दोन घास नीट खाल्ले, म्हणून मी मान डोलावली.

बुधवार, १३

बट्ट्याबोळ. पहिल्यापासून लिहिते.

टँकरवाला ब्लॉक घेऊन आला आणि निम्मा बाजार त्याच्या मागे. वेल्डर आला, रंगारी आला, टायरवाल्याने तर दुकानाला कुलूपच लावलं. भंगारवाला स्वतः हजर, दाताड विचकत. सासूबाईंनी ब्लॉक लटकवला. आज हात टेकवला नाही, दोन्ही कोपरं अंगापासून लांब. पहिल्यांदा हातोडी पडली आणि माझ्या अंगावर काटा आला. काय वाजला तो! टण्ण करून सुटला आणि मिनिटभर खोलीत फिरत राहिला असं वाटलं. दुसरीकडे ठोकलं, तोच नाद. भिंतीवर, कडेला, खाली, सगळीकडे तोच.

पण हा ब्लॉक गंजलेला होता. प्रत्येक ठोक्याला तांबडी भुकटी उडत होती आणि मी वाकून अगदी जवळ उभी होते. मी बाही सावरायला हात उचलला आणि नाकात असं काही हुळहुळलं की तोच हात नाकावर गेला.

सासूबाईंनी हातोडी खाली ठेवली. म्हणाल्या, "फुटका आहे. परत ने."

भंगारवाला उसळला. "आधी फुटक्याला चांगला म्हणालात, आता चांगल्याला फुटका! कान साफ करून घ्या, मावशी!" कुणीतरी हसलं. टँकरवाला डोकं धरून टेम्पोच्या पायरीवर बसला. दोन आठवडे त्याची गाडी उभी आहे, आणि तो हे आमच्या तोंडावर बोलतही नव्हता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "चांगला आहे हो तो!" पण मी भंगारवाल्याकडे तोंड करून बोलले होते. सासूबाईंना माझी पाठ दिसत होती. सगळे गप्प झालेले त्यांना दिसले. त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "काय म्हणाली ही?"

 सासऱ्यांचे ओठ हलले आणि थांबले. वर्षभर प्रत्येकाचं वाक्य पोचवलेला माणूस, पण हे वाक्य त्यांच्याने पोचवेना.

म्हणून मी वळले. त्यांच्या समोर गेले आणि सावकाश म्हणाले, "आई, ब्लॉक चांगला आहे. नाकात गंज गेला माझ्या."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अजून सावरून घेता आलं असतं. "पुन्हा ठोकून बघते" म्हटलं असतं, मी बाही सावरली असती, कुणाला पत्ता लागला नसता. मला वाटतं त्यांनी तो विचार केलाही. मग त्यांनी टँकरवाल्याकडे बघितलं, पायरीवर बसलेल्या, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही. वर्ष झालं. मागचा ब्लॉक हाताने चाचपून सांगितला होता, तो चुकला. हा हिने ऐकलाय आणि ही म्हणते चांगला आहे."

भंगारवाल्याने विचकलेलं दाताड मिटलं. मग टँकरवाल्याने दोन्ही हात तोंडाभोवती धरून बेंबीच्या देठापासून विचारलं, "अगदीच नाही येत का, मावशी?"

"ओरडतोस कशाला?" त्या म्हणाल्या. "बहिरी झालेय. तू ओरडलास तरी बहिरीच राहणार. समोर उभा राहून बोल."

तो समोर येऊन उभा राहिला. बिचाऱ्याने केससुद्धा नीट केले. म्हणाला, "तुमच्या सुनेवर माझा अविश्वास नाही. पण एवढी गाडी... तो खडू पण लावून बघता का?"

मला वाटलं, आता भडका उडणार. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "लाव खडू. सगळीकडे लाव. यापुढे प्रत्येक ब्लॉकला लावायचा."

सगळ्या बाजारासमोर मी तो ब्लॉक घासला. वेल्डरने ब्रश धरला, रंगाऱ्याने खडू कुटून दिला आणि वर भुकटी कशी जाड झालीय यावर मला अक्कलही शिकवली. रॉकेल, फडकं, खडू. सगळे ब्लॉकभोवती वाकून उभे राहिले. सासूबाई सगळ्यांत पुढे, डोळे भिंतीला लावून. पांढरं पांढरंच राहिलं. शेवटी टायरवाला म्हणाला, "माझी कंबर गेली, आता तरी पास करा," आणि टँकरवाल्याने त्याला मिठी मारली.

भंगारवाला जाताना म्हणाला, "मी सांगत होतोच." पहिला, फुटका ब्लॉक विकतानाही त्याने हेच सांगितलं असणार.

संध्याकाळी सासूबाई हातोडी पुसत बसल्या होत्या. मी समोर जाऊन म्हटलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय की," त्या म्हणाल्या. "फार वाईट वाटतंय. तो नाद फार गोड असतो गं." आणि त्यांनी हातोडी माझ्या मांडीवर ठेवली, फडक्यासकट. 

शनिवार, १६

बोअरिंग सुरू. टँकरवाला दिवसातून तीनदा येऊन बघून जातो, काही कळत नाही तरी. सासऱ्यांना मोकळं वाटतंय, दुपारी घरी जाऊन झोपतात. आता सगळेच लोक सासूबाईंच्या समोर येऊन तोंड हलवून बोलतात, इतकं हलवून की त्या म्हणाल्या, "सगळ्या बाजाराचे दात मोजून झाले माझे."

काल एका गॅरेजवाल्याने मुद्दाम फुटका ब्लॉक आणला, मला तपासायला. तिसऱ्या ठोक्याला मी सांगितलं. खडूने तेच सांगितलं. तो खजील होऊन म्हणाला, उगाच आपली गंमत. सासूबाई म्हणाल्या, "गंमत उचलून घरी घेऊन जा." दोन माणसांना न उचलवणारी गंमत होती ती.

मला अजून भीती वाटते. त्यांचं सगळं आयुष्य ज्या शब्दावर उभं आहे तो आता माझ्या तोंडून जातो. एक चूक माझी झाली की ती माझी एकटीची राहणार नाही. हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मलाही पहिली दहा वर्षं भीती वाटायची." हे धीर देण्यासाठी होतं की काय, कळलं नाही.

गुरुवार, २१

आज एका जुन्या, मोठ्या इंजिनाचा ब्लॉक आला. सहा सिलिंडरचा. लटकवताना चेनपुली कुरकुरली. सासूबाई समोर स्टुलावर बसल्या. हल्ली त्या तिथेच बसतात, मी ठोकत असताना माझं तोंड दिसेल अशा.

मी पहिला ठोका दिला. असा नाद मी याआधी ऐकला नव्हता. मोठा, खोल, संपतच नव्हता. दुसरा ठोका द्यायचं विसरून मी नुसती उभी राहिले. तो लांब लांब जात राहिला आणि मी त्याच्या मागे.

भानावर आले तर सासूबाई उठून ब्लॉकपाशी आल्या होत्या आणि खडूने त्याच्यावर पासची खूण करत होत्या. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते.

"आई, अजून एकच ठोका झालाय. सगळीकडे बघायचंय, रॉकेल लावायचंय..."

"लाव ना, नाही कोण म्हणतंय," त्या म्हणाल्या. खूण करून झाल्यावर माझ्याकडे वळल्या. "पण मला आला तो ऐकू. आणि एवढा आ वासून उभी राहत जाऊ नकोस, तोंडात माशी जाईल."